वृद्धसेवा केंद्रातलं धुणं आणि सारखी बंद पडणारी मशिनं

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मिरजेजवळ आमच्या ट्रस्टचं वृद्धसेवा केंद्र आहे, तिथला रोजचा कारभार मी बघते. तीसेक आजी-आजोबा आहेत, निम्म्याहून जास्त अंथरुणाला खिळलेले. चादरी, ड्रॉ शीट, गाऊन, दुपटी, टॉवेल मिळून रोजचं धुणं सत्तर किलोच्या आसपास जातं. त्यासाठी आठ-आठ किलोची दोन घरगुती फ्रंट लोड मशिनं, कपडे पिळायला एक जुना तीन फेजचा हायड्रो आणि देणगीत मिळालेला एक मोठा ड्रायर, एवढा सरंजाम आहे.

वर्षभर या चारांतलं काही ना काही बंदच असतं. एका मशीनचं बेअरिंग दोनदा गेलं, दुसऱ्याचा हीटर. हायड्रोची मोटर जळाली, ती रिवाइंड करून आणली. ड्रायर आला तेव्हा दोनेक महिने उत्तम चालला, आता तासभर फिरवला तरी चादरी दमट. मेकॅनिक येतो, मागचं झाकण उघडतो, "पीसीबी गेलाय" (म्हणजे आतला सर्किट बोर्ड) म्हणतो आणि आठ-नऊ हजारांचं बिल ठेवून जातो.

ट्रस्टींमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतात, आणखी एक घरगुती मशीन घेऊन टाका. दुसरे म्हणतात, एकदाच काय ते मोठं कमर्शियल घ्या. मला विचारायचंय ते त्याआधीचं. ज्यांच्याकडे अशी मशिनं वर्षानुवर्षं नीट चालतात, ते रोज नेमकं करतात काय? एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेता का? धुणाऱ्या मावशींना काय काय सांगून ठेवता?

नुसताच_वाचक
चारही मशिनांना तुमच्याच केंद्रात दाखल करून घ्या. लक्षणं तीच आहेत.

परीट_घडी
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझी पुण्यात लाँड्री आहे, हॉस्पिटलची कामं करतो. सत्तर किलोसाठी मशिनं, वीजबिल, दोन मावश्यांचा पगार आणि मेकॅनिकच्या पायधुळीचे पैसे धरलेत तर बाहेर द्यायलाच परवडेल. किलोवर दर ठरवायचा, सकाळी गाडी येते, संध्याकाळी धुतलेलं परत. बेअरिंग गेलं तर डोकेदुखी आमची.

कृष्णाकाठची
@परीट_घडी, राग कसला. चार महिने बाहेर देऊन बघितलं. पुण्यात संध्याकाळी परत येत असेल, आमच्याकडे तिसऱ्या दिवशी यायचं. रात्रीतून एकेका आजींची चादर तीनदा बदलावी लागते, तेवढा जादा साठा आमच्याकडे नाही. शिवाय मलमूत्राने भरलेले कपडे आधी तुम्ही खळबळून द्या, अशी त्यांची अट होती. ते खळबळायला मावशी लागणारच, मग उरलं काय?

डॉक्टर_लातूरकर
माझं पंधरा खाटांचं प्रसूतिगृह आहे. आम्ही ऑपरेशन थिएटरचं कापड बाहेर देतो, वॉर्डचं घरी धुतो. दोन्ही बाजू बघितल्यात, म्हणून दोन-तीन गोष्टी.

रक्ताचे डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्यात रक्तातलं प्रथिन कापडात बसतं आणि मग मावशी डाग जाईना म्हणून पावडर वाढवत राहतात. ती हाताने धुवायची पावडर असेल तर मशीनमध्ये फेसच फेस. फेसाने ड्रमवर ताण येतो, पाणी नीट उपसलं जात नाही, फेस वरच्या पावडरच्या खणातून बाहेर येऊन आतल्या वायरींवर उतरतो. मग मेकॅनिक म्हणतो पीसीबी गेला. गेलेला असतोही, पण त्याला घालवलं पावडरने.

दुसरं हायपोचं. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये कपडे भिजवायचे ते प्लॅस्टिकच्या टबात आणि चांगले खळबळून मगच मशीनमध्ये. हायपो ड्रममध्ये तसाच राहिला तर स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात आणि दाराचं रबर चिवटपणा सोडून तडकतं. लघवीचे कपडे न खळबळता थेट हायपोत टाकले तर जो धूर निघतो तो मावशींच्या छातीत जातो. आणि ज्या अँटिसेप्टिकमध्ये क्लोरहेक्सिडीन आहे त्याने पुसलेल्या कापडाला पुढे क्लोरीन लागलं की तपकिरी डाग पडतो. तो जन्मात जात नाही.

बाकी मिरजेच्या पाण्याबद्दल आम्ही लातूरकर वाईट बोलणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये तुमचंच पाणी रेल्वेने आमच्याकडे आलं होतं.

कृष्णाकाठची
:) डॉक्टर, ते कृष्णेचं पाणी होतं. आमच्या केंद्रात बोअरचं आहे. त्यात साबणाला फेसच येत नाही, तरी तुम्ही म्हणता तसा येतोय म्हणजे पावडर किती पडत असेल बघा.

पाणीदार
शेवटच्या वाक्यात निम्मं निदान झालं. जल-प्रक्रियेच्या क्षेत्रात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं, त्यालाच हार्डनेस म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात (आयएस १०५००) ही मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी मशीनला चालेलच असं नाही. पाणी तापलं की हे क्षार हीटरवर पांढरा थर धरतात. थराखालचा हीटर आपली उष्णता पाण्याला देऊ शकत नाही आणि आतल्या आत जळतो. पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तीही याच क्षाराने आणि वाळूने बुजते. मग मशीन पाणी भरायला वेळ लावतं आणि चूक दाखवून थांबतं.

आधी हार्डनेस मोजा. आणि तो टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरने मोजू नका! थेंब टाकून रंग बदलतो ते किट मिळतं, स्वस्त असतं. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलात तर त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याबदल्यात सोडियम सोडतं. टीडीएस तेवढाच राहतो, म्हणून मीटर बघून लोक "सॉफ्टनर चालत नाही" अशी तक्रार करतात. रेझिन भरलं की ते खडेमिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजं करायचं. हे न केल्याने निम्म्या संस्थांतले सॉफ्टनर नुसते शोभेचे झालेले असतात. किटने आठवड्यातून एकदा सॉफ्टनरच्या पुढचं पाणी तपासायचं, रंग बदलला की मीठ.

सध्या हीटरवर जो थर आहे त्यासाठी रिकामं मशीन सायट्रिक ॲसिड घालून ६० अंशांवर चालवा. त्या वेळी हायपोचा थेंबही आसपास नको, ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

एक_पेन्शनर
आमच्या आश्रमात पाण्याच्या पाइपाला एक लोहचुंबकाचं कडं बसवलंय. त्याने म्हणे क्षार मऊ होतात. बसवणाऱ्याने सांगितलं की त्याला मीठ-बीठ काही लागत नाही.

पाणीदार
मीठ लागत नाही हे खरं आहे, काका. काम करत नसलेल्या वस्तूला काहीच लागत नाही. किटने आधीचं आणि नंतरचं पाणी मोजा आणि आकडे इथे टाका.

एक_पेन्शनर
मोजायला नको. आमच्या गिझरची कॉइल परवाच बदलली. उत्तर मिळालं.

हायड्रोवाले_काका
इचलकरंजीत प्रोसेस हाउसमध्ये उभी हयात गेली. हायड्रो हे आमचं घरचं मशीन. ताई, दोन गोष्टी सांगा. मोटर जळाली तेव्हा नेमकं काय झालं होतं? आणि ड्रायर एक फेजचा की तीन फेजचा?

कृष्णाकाठची
काका, जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला त्या संध्याकाळी. लाईट मंद झाले होते, काही खोल्यांत होते, काहींत नव्हते. हायड्रो चालू होता. मावशी म्हणाल्या की घुंऽऽ असा आवाज आला, टोपली नीट फिरेना, मग जळका वास. ड्रायर तीन फेजचाच आहे.

हायड्रोवाले_काका
मग जळण्याचं कारण मशीन नाही, लाईन आहे. काही खोल्यांत उजेड आणि काहींत अंधार म्हणजे एक फेज गेला होता. डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला असेल. तीन फेजची मोटर दोन फेजवर ओढत राहिली की त्या दोन तारांतला करंट दीडपट-पावणेदोनपट होतो आणि वाइंडिंग जळतं. शेतकऱ्याला हे बरोबर माहीत असतं, विहिरीवरच्या मोटारीला तो सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लावतोच. पण संस्थेतला हायड्रो नुसत्या स्विचवर चालवतात. प्रिव्हेंटर लावा, ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर बसवा. रिवाइंडिंगच्या एका बिलापेक्षा कमी पैशात होतं.

आता ड्रायर. माझा अंदाज सांगतो, तपासून बघा. मोटर रिवाइंड होऊन आली, वायरमनने जोडली, टोपली उलटी फिरायला लागली. त्याने हायड्रोच्या स्टार्टरवर दोन वायरी बदलायच्या सोडून मेन बोर्डावर बदलल्या असतील. हायड्रो सुलटा झाला आणि त्याच बोर्डावरचा ड्रायर उलटा झाला. ड्रायरचा ड्रम तसाही दोन्हीकडे आलटून पालटून फिरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण आतला ब्लोअर उलटा फिरला की हवा फेकतो जेमतेम. ओली हवा बाहेर जात नाही, हीटर तापून ट्रिप होतो, कपडे दमटच. ब्लोअरच्या पत्र्यावर बाण असतो. बंद करताना पंखा हळू होतो तेव्हा दिशा बघा. हात आत घालून नव्हे, टॉर्च मारून.

नुसताच_वाचक
काकांनी इचलकरंजीत बसून मिरजेची नाडी बघितली.

लीड्सकर
मी इथे इंग्लंडमध्ये केअर होममध्ये नर्स आहे. आमच्याकडची पद्धत सांगते, सगळी तुम्हाला जमेल असं नाही.

मळलेले कपडे वॉर्डमध्ये झटकायचे नाहीत, मोजायचे नाहीत. घट्ट मळ तिथेच टॉयलेटमध्ये काढायचा आणि कपडे पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत घालायचे. पिशवीसकट मशीनमध्ये जातात, उघडाव्या लागत नाहीत. धुताना पाणी ६५ अंशांवर निदान १० मिनिटं किंवा ७१ अंशांवर निदान ३ मिनिटं राहिलं पाहिजे असं इथल्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शनात आहे, शिवाय कपड्यांच्या गठ्ठ्यात उष्णता शिरायला लागणारी मिनिटं वेगळी. म्हणजे हीटर आणि तापमानाचा सेन्सर बिघडला तर कपडे स्वच्छ दिसतील, पण निर्जंतुक नसतील. हीटर गेलेलं मशीन "गार पाण्यावर तरी चालतंय ना" म्हणून महिनोन्‌महिने चालवू नका, विशेषतः कुणाला खरूज किंवा जुलाब असतील तेव्हा.

एक विचारते. तुमच्याकडे रबरी शीट मशीनमध्ये घालतात का?

कृष्णाकाठची
मॅकिंटॉश? हो, मावशी चादरींबरोबर घालतात. त्यालाच तर सगळ्यात जास्त वास असतो.

लीड्सकर
मग बेअरिंगचं कारण बहुधा तेच. पाणी न शोषणारं कापड फिरताना पाण्याचा खोळ तयार होतो. पिळायच्या वेगाला ड्रम पोचला की ते पाच-सहा लिटर पाणी एका बाजूला लोंबतं आणि सगळं मशीन हादरायला लागतं. वॉटरप्रूफ वस्तू पिळायला घालू नका असं मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका अर्थातच प्लॅस्टिकच्या पिशवीत ड्रायरच्या वर असते. मॅकिंटॉश टेबलावर पसरून, डिटर्जंटने घासून, सावलीत वाळवायचे. ड्रायरमध्ये तर कधीच नाही.

हायड्रोवाले_काका
ताईंचं सोळा आणे बरोबर. त्यात भर घालतो. बेअरिंग आधी जात नाही, आधी जातो त्याच्या पुढचा ऑइल सील. सीलमधून साबणाचं पाणी शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, गंज धरतो आणि मग विमान उडाल्यासारखा आवाज येतो. दोनदा गेलं म्हणजे मेकॅनिकने पहिल्या वेळी नुसतं बेअरिंग बदललं असेल, सील जुनाच ठेवला असेल. सात-आठ किलोच्या बऱ्याच मशिनांत ६२०५ आणि ६२०६ ही जोडी असते, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. चांगल्या कंपनीचं घ्या, सील नवा घाला. काही मॉडेलचा टब मात्र चिकटवलेला असतो, तो उघडतच नाही. घेताना हे विचारून घ्यायचं.

आणि हिशोब करा. आठ किलोच्या मशीनमध्ये चादरी सुट्या घातल्या तर सहा-सात किलोच मावतात. सत्तर किलोला दहा-अकरा फेऱ्या, म्हणजे एका मशीनला रोज पाच. घरात त्याला रोज एक फेरी असते. तुमच्या एका वर्षात त्या मशीनची घरातली पाच वर्षं होतात. मग त्याला दोष कशाला द्यायचा?

डॉक्टर_लातूरकर
आणि घरगुती मशीन संस्थेत वापरलं की बऱ्याचदा वॉरंटी लागू होत नाही, हे बारीक अक्षरात असतं. वाचा.

एक_पेन्शनर
लाभार्थींच्या बाजूनेही कुणीतरी बोललं पाहिजे. मी नाशकातल्या एका आश्रमात राहतो. आमच्या मशीनच्या ड्रेन पंपात आजवर निघालेला ऐवज: सेफ्टी पिना, जपाचे मणी, सुपारी, बामच्या बाटलीचं झाकण, नाडीची गाठ, श्रवणयंत्राची बॅटरी आणि एक अख्खी वरची कवळी. कवळी मिळाल्यावर आठवडाभर डायनिंग हॉलमध्ये पाण्याच्या पेल्यात ठेवली होती. कुणी मालकी सांगेना. शेवटी ज्यांनी चिक्की खायची सोडली होती त्यांच्यावर संशय गेला.

कपड्यांवर नावं कशी घालता? आमच्या लहानपणी परीट बिब्ब्याने खूण करायचे. कितीही उकळा, जायची नाही. मात्र एका मामांच्या मानेवर त्या खुणेचा चट्टा उठला होता.

वॉर्डची_ताई
बिब्बा नका वापरू, म्हाताऱ्या माणसांची कातडी आधीच पातळ असते. लोकरी धाग्याने टाका घाला, वॉर्डाप्रमाणे रंग.

मी अठरा वर्षं अशाच एका संस्थेत धुण्याच्या खोलीत होते, आता वॉर्डात आहे. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. सगळे म्हणतात मावशींना शिकवा. मावशींना विचारा असं कुणी लिहिलेलं नाही. आवाज बदलला ते पहिलं आम्हाला कळतं. "मॅडम, मशीन वेगळं वाजतंय" असं सांगितलं की उत्तर येतं, "चालतंय ना? मग चालू दे." बंद पडल्यावर मेकॅनिक येतो तेव्हा त्याच्याशी बोलतात ऑफिसमधले. त्याला आवाज कधीपासून, कुठल्या वेळी, भरलेलं असताना की रिकामं, हे कोण सांगणार? मग तो पीसीबी बदलतो. त्याला तेवढंच येतं असं नाही, त्याला कुणी काही सांगतच नाही.

आमच्या इथे पुढे एका सिस्टरांनी दोन गोष्टी केल्या. मेकॅनिकचा नंबर भिंतीवर लिहिला आणि धुणाऱ्या बाईने त्याला थेट फोन करायचा असं ठरवून दिलं. आणि मशीन थांबवायचा अधिकार तिलाच दिला. वास आला, हादरलं, पाणी गळलं की मेन स्विच बंद, मग सांगायचं. त्यावरून तिला कुणी बोलायचं नाही. लिहिता येत नव्हतं अशा बाईने मोबाइलवर मशीनचा आवाज रेकॉर्ड करून मेकॅनिकला पाठवायला सुरुवात केली. तो येतानाच बेल्ट घेऊन यायचा.

रोजचं काम म्हणाल तर फार नाही. भरताना वर वीतभर जागा मोकळी. खिसे आणि चादरीच्या घड्या चाचपायच्या, त्यातच डायपर अडकून येतो. धुणं झालं की दाराचं रबर आतून पुसायचं आणि दार उघडं ठेवायचं, नाहीतर काळी बुरशी. पंपाची जाळी रोज. सुट्टीच्या बदली बाईला हे कोण सांगणार ते आधीच ठरवून ठेवा, मोडतोड बहुतेक तेव्हाच होते.

परीट_घडी
@वॉर्डची_ताई, मान्य. माझ्याकडे जुन्या कामगाराने "बेल्ट घसरतोय" म्हटलं की मी मशीन उघडतोच.

रत्नांग्रीकर
डायपरवरून. तो मशीनमध्ये फुटला की सगळीकडे जेलीचे गोळे होतात आणि ड्रेन बुजतो. पाणी ओतत बसू नका, ते आणखी फुगतात. मिठाचं पाणी घाला, जेली पाणी सोडून बसते. मग पुसून काढा.

कोकणातल्यांनी मशीनच्या मागच्या जाळ्या बघत जा. पालींना पीसीबीची ऊब आवडते, दोन तारांवर आडवी झाली की संपलं. उंदीर पाइप खातात. बारीक जाळी मारली की दोन्ही बंद होतं, फक्त हवा कोंडणार नाही एवढं बघा. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर दोरीवर काहीही वाळत नाही, त्यामुळे ड्रायर चैनीचा नाही.

ओहायोतला_बंडू
ड्रायरचा विषय निघालाच आहे तर कापसाची जाळी दर फेरीला साफ करा, दर आठवड्याला नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० चे आकडे दिले होते. घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण, ३४ टक्के, सफाई न करणं. जाळीच्या पुढचा बाहेर जाणारा पाइपही बघा, खरा साठा तिथेच असतो.

शिवाय एक आपल्याकडचा धोका. तुमच्याकडे मालिश करतात ना? तेलाचे टॉवेल नीट न धुता ड्रायरमध्ये घातले आणि गरम असतानाच ढीग करून ठेवले तर ते तेल हवेशी क्रिया करत आतून तापत जातं आणि काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो. म्हणूनच ड्रायरच्या शेवटी गार हवेची दहा मिनिटं असतात. घाई म्हणून ती तोडू नका.

रत्नांग्रीकर
मग आमचं खोबरेल?

पाणीदार
खोबरेलात हा प्रकार फार कमी. तीळ आणि करडईत जास्त, जवसात सगळ्यात जास्त. आयुर्वेदिक तेलं बहुतेक तिळावर केलेली असतात, त्यामुळे मालिशचे टॉवेल वेगळे ठेवा, गरम पाण्यात भरपूर डिटर्जंटने धुवा आणि शक्यतो दोरीवरच वाळवा.

एक_पेन्शनर
म्हणजे गुडघेदुखी ही ज्वालाग्राही आहे.

परीट_घडी
हायड्रोबद्दल एक राहिलं. झाकण उघडल्यावर टोपली थांबते का? जुन्या हायड्रोत झाकणाचा स्विच बायपास केलेला असतो, कारण घाई. फिरत्या टोपलीत चादरीचं टोक ओढायला हात घातला की बाई आत खेचली जाते. माझ्या धंद्यात मी हात गेलेली माणसं बघितलीत. बाकी काही करा न करा, हा स्विच आणि ब्रेक आजच्या आज बघा. आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का? ओल्या फरशीवर अनवाणी माणूस काम करतो तिथे अर्थिंग वर्षातून एकदा मोजून घ्यायलाच हवं.

कृष्णाकाठची
मंडळी, चार दिवस गायब होते, काम चाललं होतं.

काका, तुमच्या पाया पडते. ब्लोअरचा बाण एकीकडे आणि पंखा दुसरीकडे! वायरमनला विचारलं, तो म्हणाला, "हो, मेन बोर्डावरच बदलल्या होत्या, तिथे हात पोचत होता." आता सगळं जागच्या जागी केलं. त्याच चादरी पाऊण तासात कडक वाळतात. पाइपमधून कापसाची एक पोतडी निघाली. प्रिव्हेंटर बसवला.

परीट_घडी, झाकणाचा स्विच खरंच बायपास होता, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. हायड्रो बंद ठेवलाय, नवा स्विच येईपर्यंत चालवणार नाही. हार्डनेस ५८० आला, सॉफ्टनरचे दर मागवलेत.

आमच्या दोन्ही मावशींबरोबर बसले. वॉर्डची_ताई, त्यांनी तासभर सांगितलं. दुसरं मशीन संध्याकाळी सातनंतरच अडतं, सकाळी कधीच नाही. आम्ही व्होल्टेज बघितलं तर सातनंतर १७० पर्यंत उतरतं. म्हणजे बदललेले पीसीबी कशाने गेले ते आता कळतंय. स्टॅबिलायझर घेतोय आणि संध्याकाळच्या फेऱ्या दुपारी आणल्यात.

ट्रस्टींच्या बैठकीत पंधरा किलोचं एक कमर्शियल मशीन घ्यायचं जवळपास ठरलंय. घरगुती दोन जादा म्हणून राहतील. पण धुण्याची खोली पहिल्या मजल्यावर आहे, खाली स्वयंपाकघर. चालेल का? आणि एएमसी?

हायड्रोवाले_काका
पहिल्या मजल्यावर असेल तर सॉफ्ट माउंटच मागा. त्यात ड्रम स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बरवर तरंगतो, हादरा जमिनीत कमी उतरतो. हार्ड माउंट स्वस्त पडतं, पण ते जमिनीत काँक्रीटचा पाया करून बोल्टने जखडावं लागतं. स्लॅबवर बसवलंत तर खाली आमटीत सिमेंट पडेल. मशीन भरलेल्या वजनासकट इंजिनिअरला दाखवा, विक्रेत्याच्या तोंडी "काही होत नाही" वर जाऊ नका. आणि बसवताना वाहतुकीचे बोल्ट (प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढले का ते स्वतः मोजा. ते तसेच ठेवून मशीन चालू केलेलं मी बघितलंय.

एएमसी घेताना सुटे भाग धरून आहे की नुसती मजुरी, हे लिहून घ्या. रबर, बेल्ट, हीटर बहुतेक वेळा "झिजणाऱ्या वस्तू" म्हणून बाहेर काढलेले असतात, आणि जातं नेमकं तेच. किती तासांत माणूस येणार तेही लिहून घ्या. एक बेल्ट, एक ड्रेन पंप, एक इनलेट व्हॉल्व्ह आणि दाराचं लॉक कपाटात ठेवा. चालू दुरुस्ती त्यातच निघते.

लीड्सकर
नवीन मशीनला पाणी देताना एक बघा. धुण्याचं पाणी उलटं फिरून पिण्याच्या लाईनीत येऊ नये म्हणून इथे मशीनला मधे हवेची फट ठेवलेली टाकी लागते. तुमच्याकडे वरच्या एकाच टाकीतून स्वयंपाकघर आणि मशीन दोन्हीला पाणी जात असेल तर लाईन वेगळी करा.

डॉक्टर_लातूरकर
आणि ड्रेनचा पाइप. कमर्शियल मशीन एका दमात पाणी सोडतं. घरगुती दीड इंची पाइपला जोडलं तर खोलीत तळं होतं. आमच्या शेजारच्यांकडे झालंय.

कृष्णाकाठची
लिहून घेतलं सगळं. इंजिनिअर सोमवारी येतोय.

सोलापुरी_चादर
धागा उशिरा बघितला. आमच्याकडे सोलर गिझर आहे, दुपारी पाणी कढत असतं. ते थेट घरगुती मशीनला जोडलं तर वीज वाचेल ना?

पाणीदार
ज्या मशीनला एकच गार पाण्याचा नळ आहे त्याला नको. त्याचा व्हॉल्व्ह आणि नळी कढत पाण्यासाठी केलेली नसते. दोन नळांचं मशीन असेल तर पुस्तिकेतलं कमाल तापमान बघा आणि मधे मिक्सिंग व्हॉल्व्ह टाका. सोलरच्या टाकीतही क्षार साठतो, तेव्हा आधी सॉफ्टनर.

सोलापुरी_चादर
आणि ड्रायर गॅसवरचा घ्यावा की विजेवरचा?

नुसताच_वाचक
त्यासाठी वेगळा धागा काढा, काका तिकडे येतील. फक्त आधी तुमचे फेज तपासून घ्या.